कोपऱ्यापर्यंतचा मका

माझ्या बायकोला, अर्डिसला, मूठमाती देऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा रॉली ब्रांट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला की अपघातात निम्मी चूक अर्डिसची होती, असं कंपनीचं म्हणणं आहे.

रॉली आमच्या गावातला विम्याचा एजंट. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. आमच्या गाड्या, घर, कोठारं, सगळ्याचा विमा चाळीस वर्षं त्याच्याचकडे. दर डिसेंबरात त्याच्या नावाचं कॅलेंडर आमच्या फ्रिजशेजारी लागायचं आणि अर्डिस त्यावर दातांच्या डॉक्टरची तारीख, कुणाचा वाढदिवस असं लिहायची.

"निम्मी?" मी म्हणालो. "अरे, ती गाडी किती हळू चालवायची. तूच चिडवायचास ना, तिच्या मागे अडकलं की घरी पोचेपर्यंत दाढी वाढते म्हणून."

"मी नुसता निरोप्या आहे, लायल. कागद ओमाहाहून, कंपनीच्या मुख्य कचेरीतून आलाय."

"मग ओमाहाला सांग की माझी दाढी बघायला या."

तो हसला नाही. मीही हसण्यासाठी बोललो नव्हतो.

अर्डिसच्या गाडीला ज्या पिकअपने धडक दिली ती टॅमी रस्कची होती. टॅमी गावातल्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. तिच्या गाडीचा विमा जूनमध्येच संपलेला आणि तिने तो पुन्हा भरला नव्हता. समोरच्याकडे विमाच नसेल तर आपली कंपनी भरपाई देते, असं एक कलम आमच्या पॉलिसीत होतं. ते कलम अर्डिसनेच ठेवलेलं. दरवर्षी नूतनीकरणाचे कागद आले की मी म्हणायचो, काढून टाक, इथे सगळे ओळखीचे आहेत. ती म्हणायची, ओळखीचे आहेत म्हणून तर ठेवते, ओळखीच्यांची गरिबी मला माहीत आहे.

पण भरपाई देण्याआधी आपलीच कंपनी त्या विमा नसलेल्या माणसाच्या जागी उभी राहते, हे मला माहीत नव्हतं. टॅमीच्या वकिलाने जे म्हटलं असतं, ते आता आमची कंपनी म्हणणार होती.

"म्हणजे चाळीस वर्षं हप्ते घेतले आणि आता तिच्याशीच भांडणार," मी म्हणालो.

"भांडत नाही, तपासतो, असं म्हणतात ते." रॉलीने कपातली कॉफी ढवळली. तो साखर घालत नाही, तरी ढवळत होता. "निम्मी चूक तिची ठरली तर काही मिळणार नाही. कायदाच तसा आहे."

"पैशांचं राहू दे. कागदावर काय राहणार?"

"राहणार की उजवीकडून येणाऱ्या गाडीला तिने वाट द्यायला हवी होती. दिसत असूनही दिली नाही."

"दिसत असूनही," मी म्हणालो.

रॉलीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं. कापलेलं शेत होतं.

आमच्याकडे मैलामैलाला खडीचे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. बहुतेक चौकांत थांबण्याची पाटी नाही. नियम एवढाच की जो उजवीकडून येतो त्याला आधी जाऊ द्यायचं. कोरड्या दिवसांत गाडीमागे धुळीचा लोट उठतो, तो मक्याच्या वरून दिसतो. त्यावरून माणूस थांबतो. त्या दिवशी दुपारी सर येऊन गेली होती आणि धूळ बसली होती. अर्डिस गावातून घरी उत्तरेकडे येत होती, टॅमी पूर्वेकडून कामावर निघाली होती. दोघींच्या मधला कोपरा माझ्या शेताचा. त्यात नऊ फूट मका उभा होता.

मी तो मका थेट कोपऱ्यापर्यंत पेरला होता. चराच्या काठापर्यंत. तसा पेरायचा नसतो, कोपरा थोडा सोडायचा असतो, हे मला माहीत होतं. पण माझ्या ओळी सरळ असतात. आमच्याकडे शेजारी रस्त्यावरून गाडी हळू करून एकमेकांच्या ओळी बघतात आणि कोण पेरताना डुलक्या घेत होता ते रविवारी चर्चमध्ये ऐकवतात. माझ्याबद्दल असं कुणी कधी म्हणालं नाही. कोपऱ्यात पेरणीचं यंत्र आधीच उचललं तर ओळी मधेच तुटलेल्या दिसतात. मला ते आवडत नसे.

अर्डिस दर वसंतात सांगायची. "लायल, तेवढा कोपरा सोड रे. चाळीस पावलं सोड. मला तिथे नाक बाहेर काढल्याशिवाय काही दिसत नाही."

मी म्हणायचो, बघतो.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेरीफच्या माणसाने त्या संध्याकाळी पंचनामा केला, त्यालाही. त्याच्या छापील कागदावर दृष्टीला अडथळा होता का, असा एक चौकोन असतो. तो त्याने रिकामा सोडला. फोटो काढले ते गाड्यांचे, अगदी जवळून. नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तुम्हाला आता आणखी कशाला." त्याचा बाप आणि मी एकत्र गवताचे गठ्ठे बांधले आहेत. त्याने ते माझ्यासाठी केलं.

दफनानंतर दहा दिवसांनी शेजारी आले. आमच्याकडे घरात कुणी गेलं की त्याचं पीक बाकीचे काढून देतात, विचारत नाहीत. सकाळी सात वाजता सहा हार्वेस्टर आणि नऊ ट्रक माझ्या शेताच्या बांधाशी उभे होते. बायकांनी कोठारात टेबलं लावली. कुणी बीन्सची मोठी भांडी आणली, कुणी हॅम. प्रत्येकीच्या भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली.

"तू आज काही करायचं नाहीस," एड मारेकने मला सांगितलं. "खुर्चीवर बस आणि आमच्या चुका काढ."

"तुझ्या चुका काढायला एक दिवस पुरणार नाही," मी म्हणालो. सगळे हसले. मी काहीतरी बोललो याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

कुठून सुरुवात करायची ते कुणी मला विचारलं नाही. एडने आपला हार्वेस्टर सरळ त्या कोपऱ्यावर नेला आणि पहिला घास तिथला घेतला. दहा मिनिटांत कोपरा मोकळा झाला. मग बाकीचे आत शिरले. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. मला हलकं वाटलं, हे मी लपवत नाही. तो मका मला रोज दारातून दिसत होता. आता दिसणार नव्हता.

चार दिवसांनी कंपनीची तपासनीस आली. लिंडक्विस्ट बाई, पस्तिशीची, पायांत शहरातले बूट. चौकात उभी राहून तिने चारी बाजूंचे फोटो काढले. कोपऱ्यात खुंट होते आणि त्यापलीकडे पाव मैल उघडं रान. पूर्वेकडून एक ट्रक येत होता तो आम्ही दोघांनी केव्हाच पाहिला.

"इथून तर बरंच दिसतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला दिसलं ते ती बोलली.

"हो," मी म्हणालो.

एवढंच बोललो. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या 'हो'मधून ओमाहाचा तो कागद निघाला.

"रॉली," मी त्या दिवशी स्वयंपाकघरात म्हणालो, "तो कागद खोटा आहे. तुला माहीत आहे."

"मला पुष्कळ माहीत असतं. कुणी विचारल्याशिवाय मी बोलत नाही. गावातही कुणी बोलणार नाही, लायल. कुणीच नाही." टोपी डोक्यावर ठेवत तो उठला. "आणि तू बोललास तर जोलीनला काय सांगशील?"

जोलीन आमची मुलगी. एकुलती एक. ती डे मॉइनला असते, शाळेत शिकवते. दर रविवारी चार वाजता तिचा फोन येतो. आधी आई बोलायची, तासभर. मग फोन माझ्या हातात यायचा आणि मी हवामान सांगायचो.

त्या रविवारी मी तिला कंपनीचं म्हणणं सांगितलं.

"निम्मी चूक आईची?" ती म्हणाली. "बाबा, आई रिकाम्या पार्किंगमध्येसुद्धा सिग्नल द्यायची."

"हो."

"समोरून येणाऱ्याला बोट वर करून नमस्कार करायचा म्हणून वेग कमी करायची ती. अशी बाई धडकत नाही. खोटं बोलतायत ते, बाबा. तुम्ही गप्प बसू नका. तुम्हाला गप्प बसायची सवय आहे."

"बघतो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मला कळलं की मी कोणता शब्द वापरला.

सोमवारी मी शेजाऱ्यांची भांडी परत करायला म्हणून निघालो. भांडं रिकामं परत करायचं नसतं, अर्डिस त्यात काहीतरी घालून द्यायची. मला काही येत नाही. मी दुकानातून बिस्किटांचे पुडे आणून एकेका भांड्यात ठेवले. त्यातलं एक भांडं टॅमी रस्कचं निघालं. तिनेही पाठवलं होतं. मांडीचं हाड मोडून ती इस्पितळात होती, म्हणजे कुणाकडून तरी करवून पाठवलं होतं. पट्टीवर नुसतं टी. आर. लिहिलेलं.

आमच्या चौकापासून पूर्वेला तिचं चाकांवरचं घर आहे. ती चाकाच्या खुर्चीत होती, पाय पुढे फळीवर. मला पाहून तिने टीव्हीचा आवाज बंद केला. आवाजच बंद केला, चित्र चालू राहिलं.

"बिस्किटं कशाला आणलीत, लायल."

"रिकामं कसं द्यायचं."

"तुम्हीच आलात. मला वाटलं वकील पाठवाल." ती माझ्याकडे बघत नव्हती. "विमा जूनमध्ये गेला. कामाचे तास कमी केले होते आमचे. पोराची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या महिन्यात भरू, पुढच्या महिन्यात भरू, असं करत राहिले. मी काय सांगू तुम्हाला."

"मी त्यासाठी नाही आलो."

"मग?"

"तुला काय दिसलं ते विचारायला आलो."

तिने टीव्हीवरच्या मुक्या चित्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "मका दिसला. आणि मक्यातून आलेलं गाडीचं नाक."

"ती वेगात होती?"

"उभी होती, लायल."

मी हातातलं भांडं दुसऱ्या हातात घेतलं.

"उभी होती तिची गाडी. नाक रस्त्यावर होतं, माझ्या वाटेत. तुमच्या मक्यातून नाक काढल्याशिवाय दिसत कुठे होतं तिथे? तिची काच खाली होती. मान पुढे काढून ती बघत होती. आधी दुसऱ्या बाजूला बघितलं आणि मग माझ्याकडे वळली, तोवर मी..." टॅमीने हात उचलला आणि परत खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. "मी पंचेचाळीसने होते. मला उशीर झाला होता."

"हे तू त्या तपासनीस बाईला नाही सांगितलंस?"

"तिने विचारलं, तुम्हाला गाडी कधी दिसली. मी म्हटलं, एकदम दिसली. ते काय खोटं आहे? गाडी उभी होती असं सांगितलं, तर सगळं माझ्यावर येईल. कंपनी तुम्हाला पैसे देईल आणि ते माझ्याकडून वसूल करेल. तसं पत्र आलंय मला. माझ्याकडे आहे काय वसूल करायला? हे घर? याची चाकं पण पंक्चर आहेत."

"सगळं नाही येणार तुझ्यावर. मका माझा होता."

"ते तर सगळ्यांना ठाऊक आहे."

"तपासनीस बाईला नाही."

टॅमीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो मला बरा वाटला. महिनाभर माझ्याशी कुणी रागावलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही पण गप्प बसलात," ती म्हणाली. "मला वाटलं मीच एकटी. अहो, इथे पडल्या पडल्या मी स्वतःला काय काय म्हणत होते. आणि तुम्ही तिकडे आरामात, लोकांनी आणलेलं हॅम खात."

"हो."

"ती तुमची बायको होती."

"हो."

"मग आधी तुम्ही सांगा," टॅमी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर मी सांगेन. तुमच्या आधी नाही सांगणार."

मी तिचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि घरी आलो.

दोन दिवस मी फोन केला नाही. करीन म्हणायचो आणि कोठारात जायचो. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांनी झाडूसुद्धा मारून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी लिंडक्विस्ट बाईंना फोन लावला. त्या शुक्रवारी आल्या. टेबलावर आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवून म्हणाल्या, "सावकाश सांगा, मिस्टर टेसारेक."

मी सांगितलं. मका किती उंच होता, कुठपर्यंत होता. कोपऱ्यात जाऊन पावलं मोजून दाखवली. पेरणीचं यंत्र किती रुंद, कडेच्या ओळी किती, सगळं. त्या लिहून घेत होत्या.

"मी आले तेव्हा तुम्ही हे बोलला नाहीत."

"नाही."

"का?"

"तुम्ही विचारलं नाहीत असं मी स्वतःला सांगत होतो."

त्यांनी मान हलवली. मग पेन थांबवून विचारलं, "तुमच्या पत्नीने याबद्दल कधी काही म्हटलं होतं?"

"दरवर्षी. कोपरा सोड म्हणायची."

"म्हणजे तिथे दिसत नाही हे त्यांना माहीत होतं." त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी सांगू नये, पण सांगते. हे त्यांच्या विरुद्ध जाऊ शकतं. धोका माहीत असताना त्या पुढे गेल्या, असं म्हणतील."

माझे हात टेबलावर होते. मी ते खाली मांडीवर घेतले. अर्डिसने मला सावध केलं, तेच तिच्यावर उलटणार होतं. तेवढं एक वाक्य मी गिळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे हट्टाने मागितलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती मागितली होती हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटत होतं.

"माहीत होतं म्हणूनच ती थांबली," मी म्हणालो. "टॅमी रस्कला जाऊन विचारा. तिची गाडी उभी होती का, असं विचारा. ती सांगेल."

लिंडक्विस्ट बाई त्याच दुपारी तिच्याकडे गेल्या. टॅमीने सांगितलं. नंतर रॉलीकडून कळलं की तिने आपला वेगही सांगितला, न विचारता.

माझ्या घरून निघण्याआधी बाईंनी माझ्याशी हात मिळवला होता. "अहवाल आठवड्याभरात येईल. एक प्रत तुमच्या मुलीला जाईल. त्याही वारस आहेत."

"तिला पाठवावीच लागते का?"

"हो."

म्हणजे तिला स्वतः सांगायला रविवार एकच होता.

चार वाजता फोन वाजला तेव्हा मी खुर्ची ओढून आधीच बसलो होतो.

"काय झालं त्या लोकांचं?" जोलीनने विचारलं.

"आईची गाडी उभी होती. तिने थांबून पाहिलं होतं. टॅमीनेच सांगितलं."

तिचा श्वास मला ऐकू आला. "मी म्हणत होते ना. मी म्हणत होते, बाबा." ती रडायला लागली. मी थांबलो. पुढचं न सांगता फोन ठेवता आला असता, आणि आठवडाभर ती माझ्यावर खूश राहिली असती. तेवढ्या आठवड्याचा मला मोह झाला.

"जोलीन, ऐक. ती नाक बाहेर काढून थांबली, कारण मका कोपऱ्यापर्यंत होता. मका मी पेरला होता."

"मका होताच ना तिथे. दरवर्षी असतो."

"तसा पेरायला नको होता. दिसत नव्हतं तिला."

मग अगदी शाळेत विचारतात तसं तिने विचारलं, "आईने सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"किती वेळा?"

"दर वसंतात."

"मी असताना पण सांगायची," जोलीन म्हणाली. "मी लहान होते तेव्हा. जेवणाच्या टेबलावर. आत्ता आठवलं मला. तुम्ही म्हणायचात, बघतो."

मी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"मला आता ठेवायचाय फोन," ती म्हणाली आणि तिने ठेवला.

अहवाल आला. त्यात अर्डिसच्या नावापुढे चूक नाही असं लिहिलं होतं. गाडी थांबवून, शक्य तेवढी काळजी घेऊन पाहिलं, असं वाक्य होतं. मी ते पुष्कळदा वाचलं. बाकीची चूक टॅमी आणि मी, अशी दोघांत वाटली होती. भरपाईतला जोलीनचा वाटा तिला मिळणार होता, माझा बहुतेक कापला जाणार होता. रॉली म्हणाला, वकील करून भांडता येईल. मी त्याला म्हणालो, कुणाशी? टॅमीकडून कंपनी दर महिन्याला थोडे थोडे घेणार असं ठरलं. ती आता काठी घेऊन चालते, वृद्धाश्रमात परत जाते. आम्ही रस्त्यात भेटलो की थांबतो, पण बोलत नाही फारसं.

गावातले लोक मात्र माझ्याशी जपून वागायला लागले. मी बोललो नसतो तर त्यांना सोपं गेलं असतं. एड मारेक एकदा धान्याच्या वजनकाट्यापाशी म्हणाला, "कशाला रे स्वतःला असं उघड्यावर मांडलंस? आम्ही सगळ्यांनी मिळून झाकलं होतं."

"माझं झाकलं होतंत, एड," मी म्हणालो. "तिचं उघडं पडलं होतं."

त्याला ते कळलं असावं. त्याने टोपी मागे सारली आणि ट्रककडे गेला.

पाच रविवार जोलीनचा फोन आला नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणालाही ती आली नाही. मीही केला नाही फोन, काय बोलायचं ते सुचलं नाही. डिसेंबरात एका शनिवारी ती न सांगता आली. आईचं शिवणयंत्र आणि कोट न्यायला आले, म्हणाली. कॉफी नको म्हणाली. अर्डिसचे कपडे मी तसेच ठेवले होते. तिने कपाट उघडलं, एकेक हँगर सरकवला, दोन स्वेटर घेतले, कोट घेतला. कोटाच्या खिशात हात घातला आणि काही सापडलं नाही तरी हात तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

शिवणयंत्र जड आहे. ते मी उचललं. तिने दार धरलं. पायऱ्यांवर बर्फ होता, तर ती म्हणाली, "सांभाळून, बाबा." तेवढंच बोलली.

गाडीत बसताना काच खाली करून ती म्हणाली, "मला अजून राग आहे."

"माहीत आहे."

"कधी जाईल ते नाही सांगू शकत. जाईल की नाही तेही नाही."

"बरं."

"पण फोन करीन. आईबद्दल बोलायचं नाही तेव्हा. मी सांगेन कधी बोलायचं ते."

मी मान हलवली. ती गेली. चौकात तिची गाडी थांबलेली मला दारातून दिसली. मागचे लाल दिवे बराच वेळ तसेच होते, मग ती वळली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चर्चला गेलो नाही. चार वाजता नाही, सव्वापाचला फोन आला. तिने विचारलं, तिकडे किती बर्फ पडलाय. मी म्हणालो, सहा इंच. वारा उत्तरेचा आहे, रात्री आणखी पडेल. ती म्हणाली, इथे एवढा नाही. मग तिने विचारलं मी काय जेवलो, आणि मी सांगितलं.